किल्ल्या वाजवा, डॉक्टर

—तर तो नाहीच. खाली ठेवा तो डॉक्टर, आणि हात पुसून टाका. चेष्टा नाही करत. त्या स्पीकरला मी शिवत नाही. धाकट्या भावाच्या हट्टापायी दुकानात आलाय, त्याच्यावर फडकंसुद्धा तोच मारतो. तुम्ही म्हणाल, असं केलंय तरी काय बिचाऱ्यानं — काही केलेलं नाही, हीच तर माझी तक्रार आहे, काही करतच नाही तो. तुम्ही गिटारची तार छेडायची आणि यानं पांघरुणाखाली कोणी खोकल्यासारखा आवाज काढायचा. हल्ली सगळे असलेच येतात. कंपन्यांना काय झालंय कळत नाही, आत कापूस कोंबतात की काय. पूर्वी खोकं उघडलं, वायर जोडली की आवाज असा अंगावर यायचा, धुतलेल्या स्टीलच्या ताटासारखा. आता? आता सगळं गिळगिळीत. वीट आलाय मला.

बसा, बसा. त्या खुर्चीत नको, हात टेकला की करकरते म्हणतात सगळे — मला तर कधी ऐकू आली नाही, पण गिऱ्हाईकं उगाच दचकतात — या स्टुलावर बसा. ही आमची डेमो रूम. भिंतींवरचे हे गालिचे मी स्वतः चिकटवलेत, खिळ्यानं नाही, खळीनं, खिळा मारला की भिंत बोलते. दार लावलं की बाहेरचं जग बंद. त्या काचेतून काउंटरवर मान खाली घालून बसलेला दिसतोय ना, तो माझा भाऊ. दुकान दोघांचं, पण ही खोली माझी. बिलं, माल, फोनवरची भांडणं सगळं त्याच्याकडे, आणि स्पीकर निवडून देणं माझ्याकडे. का? तर कान माझा. मी शाळेत काही दिवे लावले नाहीत डॉक्टर, संगीतही शिकलो नाही, फाटलेले भोंगे शिवायच्या दुकानात खालमानेनं काम केलं आणि ऐकत गेलो. बाजारात मला नावानं कोणी ओळखत नाही. किल्लीवाले कुठं बसतात विचारा, कोणीही इथं आणून सोडेल. तुम्हालाही तसंच आणून सोडलं असणार. — बघा, मी म्हटलं नव्हतं?

काढा तुमचा डबा. हं, मॉडेलर, गिटार अँपच्या नकला करणारा. चांगला आहे. म्हणजे त्यातल्या त्यात. मला विचाराल तर या जातीचीच शिसारी येते मला. चप्पलच्या खोक्याएवढा जीव आणि पोटात म्हणे शंभर अँप. शंभर जणांच्या नकला येतात आणि स्वतःचा आवाज एकही नाही. पण धंदा आहे, विकतो, आणि खरं सांगायचं तर रोज रात्री भलं मोठं अँप उचलून कंबर मोडून घेण्यापेक्षा हे बरं, एवढं मीही मान्य करतो. घरी कशात लावता? जुन्या गिटार अँपमध्ये? — शी शी. अहो, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं असं करावं? या डब्याच्या पोटात अँपही आहे आणि अँपच्या लाकडी पेटीचा आवाजही आहे, सगळा रंग आधीच चढवलेला आहे. तो तुम्ही पुन्हा खऱ्या पेटीतून काढता, म्हणजे रंगावर रंग. एका दातावर दोन टोप्या बसवल्यातली गत. चावता येईल का पेशंटला? — हसताय, पण तेच करताय तुम्ही.

नकलाकाराला काय लागतं माहितेय? आरसा लागतो. स्वतःचं काहीही न मिसळणारा, सपाट, जसं आहे तसं दाखवणारा. स्टेज मॉनिटर म्हणजे तोच आरसा, तुमच्या पायाशी तिरका पडलेला, तोंड तुमच्याकडे. लोकांना तो ऐकू येत नाही, लोकांसाठी हॉलचे मोठे स्पीकर वेगळे; हा फक्त तुम्हाला सांगतो की तुम्ही काय वाजवताय. आणि हा जर खोटं बोलायला लागला, डॉक्टर — तर तुम्ही त्याच्या भरवशावर बटणं पिळत बसता, तुमच्या मते सगळं गोड चाललेलं असतं, आणि शिक्षा भोगतात समोरचे. म्हणून मॉनिटर निवडणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. ब्रँड बघून घेतात, वजन बघून घेतात, एकजण तर माझ्यासमोर जाळीचा रंग बघून घेऊन गेला, बायकोच्या सोफ्याला मॅच होतो म्हणून. किळस येते हो. कानानं कोणी घेतच नाही.

आता ही बघा माझी तपासणी. हा जुडगा. गोदामाच्या, शटरच्या, कपाटाच्या, दोन तर कशाच्या आहेत मलाही आठवत नाही, पण काढत नाही, आवाज बदलेल. भोंग्यांच्या दुकानात होतो तेव्हा कोणी गाणारं-वाजवणारं नसायचं हाताशी, आणि मला तर कुठलंच वाद्य येत नाही. मग भोंगा दुरुस्त झाला की माइकसमोर किल्ल्या खुळखुळवायचो. गाणं फसवतं माणसाला, गाणं आवडलं की स्पीकरही आवडतो. किल्ल्या कोणाला आवडतात? कोणालाच नाही. त्यामुळे खरं कळतं. चांगल्या स्पीकरातून किल्ल्या किल्ल्यांसारख्या येतात, एकेक वेगळी, अगदी पितळेची कुठली आणि लोखंडाची कुठली इथपर्यंत. वाईट असेल तर ओल्या पिशवीत चिल्लर. मागं एका नाटकगृहाचा व्यवस्थापक निळ्या दिव्यांचे स्पीकर घेऊन आला होता माझ्याकडे, दुसरीकडून घेतलेले, नुसतं दाखवायला, म्हणजे मला जळवायला. मी चहा पाजला आणि किल्ल्या वाजवल्या. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. दिवे तसेच लुकलुकत होते हो, पण माणूस विझला. त्या दिवसापासून सगळा बाजार किल्ल्या वाजवतो. आता तर पोरंसोरं वाजवतात, आणि कुणाची युक्ती म्हणून विचारलं तर खांदे उडवतात. असो.

काय म्हणालात? — जरा मोठ्यानं बोला डॉक्टर, तोंडातल्या तोंडात बोलू नका. तुमचाच दोष नाही, सगळेच तसे बोलतात हल्ली. मला या गोष्टीचा इतका उबग आलाय म्हणून सांगू — शब्दांची शेपटं खाऊन टाकतात लोक. बातम्या देणारी बाई पुटपुटते, बँकेतला माणूस पुटपुटतो, आमची ही स्वयंपाकघरातून काहीतरी पुटपुटते आणि मग माझ्यावरच डाफरते, सांगितलं होतं म्हणून. कधी सांगितलं होतं? भिंतीला सांगितलं असेल. आणि वस्तूही तशाच. घरी नवीन कपडे धुण्याचं मशीन घेतलं, काम संपलं की टी टी करून बोलावणार म्हणे. एकदाही बोलावलं नाही. दुरुस्तीवाला आला, उघडून बघितलं, म्हणतो काका वाजतंय की, आणि ही त्याच्या बाजूनं मान हलवते. चोर आहेत सगळे. मी त्याला पैसे दिले आणि हाकलला. आता कपडे तसेच आंबत पडतात.

हां, तर तुमचा प्रश्न. तो टोचतो का? — कोणी सांगितलं तुम्हाला? भावानं? नाही? मग बाहेर त्याच्याशी काय बोलत होतात मघाशी? — बरं. हे बघा, लपवाछपवी माझ्याकडे नाही. मी निवडून दिलेला हा मॉनिटर, हा माझा, काळ्या जाळीचा — हो, काही लोकांनी परत आणलाय. एक हॉटेलात गाणारा, एक प्रार्थनेच्या ठिकाणचा, आणखी असेच कोणी. तक्रार सगळ्यांची एकच, जणू मिळून ठरवून आलेत: टोचतो. कानात सुई गेल्यासारखं वाटतं. स्वच्छ आवाज सुईसारखा वाटायला लागलाय लोकांना. वर्षानुवर्षं गिळगिळीत खाऊन जिभेची जी अवस्था होते ना, तीच कानांची झाली आहे. भाऊ मला म्हणतो — सगळ्या नोकरांसमोर म्हणाला — दादा, आणखी एक स्पीकर परत आला ना, की तू काउंटरवर बसायचंस आणि डेमो रूम मी बघेन. लहान असताना याला रेडिओतली दोन गाणी वेगळी आहेत हे कळायचं नाही. हा डेमो रूम बघणार. मी म्हटलं, बघू. पाठचा भाऊ आहे. पण तुम्हाला का सांगतोय, तर तुम्ही घेऊन जाल तो नीट घ्या, उद्या पुन्हा दारात उभे राहू नका. तुमच्या सोयीसाठी नाही, माझ्या सोयीसाठी सांगतो. ही खोली गेली तर मी काउंटरवर बसून काय करू, कव्हरांच्या चेन लावून बघू?

एक सल्ला देऊ? रागावू नका. कान जपा तुम्ही. तुमचं ते दात कोरायचं यंत्र दिवसभर कानाशी किंचाळत असतं, त्यानं हळूहळू जातात कान, आणि माणसाला कळतसुद्धा नाही म्हणे. मागच्या महिन्यात दाढ भरून घेतली मी, तिथल्या डॉक्टरचं यंत्र मात्र छान होतं, अगदी शांत, आवाजच नाही. तसलं घ्या तुम्ही. — असं काय बघताय? नसेल तुमच्याकडे पोचलं अजून, नवीन असेल.

माझी मुलगी तुमच्यासारखीच, गिटार वाजवते आणि हाच डबा घेऊन फिरते. चौघांचा बँड आहे, ती आणि तीन मुलगे. मी काही आडकाठी केली नाही, उलट लहानपणी याच खोलीत, त्या कोपऱ्यात बसून शिकली ती. तिला मॉनिटर द्यायचा झाला तेव्हा मी काळ्या जाळीतलाच दिला, नवा कोरा, आणि तिच्या डब्यातली बटणंही स्वतः बसून लावून दिली, ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, असा मोकळा सोडला, म्हटलं शेवटच्या रांगेपर्यंत तार न् तार दिसली पाहिजे. ती म्हणाली, बाबा, जरा जास्त वाटतंय. मी म्हटलं, खोलीत जास्त वाटतं, हॉल पिऊन टाकतो. आणि ते खरं आहे, हॉल पितो. ती माझं ऐकते. म्हणजे ऐकायची. कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत. माझ्या शेजारच्या बाई पहिल्याच गाण्याला कानावर हात ठेवून बसल्या, मला वाटलं डोकं दुखत असेल बिचारीचं. पलीकडचे एकजण उठून मागं गेले. मग मागं हळूहळू बरीच गर्दी झाली, मी म्हटलं, उभं राहून ऐकतायत, किती रंगलेत. मला मात्र तेवढं काही — म्हणजे ठीक होतं. जरा मंदच वाटलं मला. मी तिला खालून हातानं खूण करत होतो, अजून, अजून सोड. आणि पोरीनं सोडलं हो. माझ्याकडे बघत सोडलं.

मध्यंतरात तिनं तो मॉनिटर बंद करून टाकला आणि हॉलवाल्याचा मागून घेतला. कसला होता सांगू? हाच, तुम्ही मघाशी उचललात तो, पांघरुणाखालचा. आणि मग स्टेजमागं, केबल गुंडाळणाऱ्या माणसांसमोर, मला म्हणते, बाबा, एकदा कान दाखवून या ना. हळू म्हणाली असेल, ती हल्ली हळूच बोलते, मला तीनदा विचारावं लागलं काय म्हणालीस म्हणून, आणि तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. कान दाखवून या. मला. ज्या कानावर हे दुकान उभं आहे, तिची गिटार आली, तिचं शिक्षण झालं. मी तिथून निघालो तो आजतागायत बोललेलो नाही तिच्याशी. मी दिलेल्या मॉनिटरवर ती इस्त्रीचे कपडे ठेवते, बायकोनं सांगितलं. आणि स्वतःसाठी गुपचूप हा घेतला, गिळगिळीत — माझ्या दुकानातूनही नाही, पलीकडच्या रस्त्यावरून. किल्लीवाल्याची मुलगी दुसऱ्याच्या दुकानात जाऊन स्पीकर घेते, आणि वर त्याला म्हणाली म्हणे, बाबांना सांगू नका. आज संध्याकाळी कार्यक्रम आहे तिचा. तिकीट ठेवून गेली सकाळी, गल्ल्यापाशी, भावाकडे. मी काही जाणार नाही. काय ऐकायला जायचं, खोकला?

पुरे. तुम्ही स्पीकर घ्यायला आलात, माझी रडगाणी ऐकायला नाही. आपण दोन्ही शेजारी ठेवू आणि किल्ल्या वाजवू, म्हणजे तुमचीही खात्री आणि त्या बाहेरच्याचंही तोंड बंद. हे बघा, मी वाजवतो — ऐका — ही पितळेची, ही लोखंडाची, ऐकलंत? स्वच्छ. — काय? तुम्ही वाजवणार, मी ऐकायचं? कशाला, मी हातानं वाजवतो तेव्हा मला — बरोबर आहे, बरोबर आहे, माझ्या हातात असताना मला काय, डोळे मिटूनही सांगेन. तुम्हाला वाटतं मी हाताच्या सवयीनं ऐकतो? डॉक्टर माणूस, तपासल्याशिवाय विश्वास नाही. आजवर हा जुडगा दुसऱ्याच्या हातात दिलेला नाही मी, भावाच्यासुद्धा नाही. पण घ्या. होऊन जाऊ दे. माइक घेऊन बाहेर जा, केबल लांब आहे, काउंटरवर ठेवा तो, आणि दार ओढून घ्या, म्हणजे मला जे येईल ते स्पीकरातूनच येईल. माझं बोलणं तुम्हाला काउंटरवरच्या इंटरकॉमवर ऐकू येईल. आधी तुमचा लाडका लावतो. मी डोळे मिटतो, म्हणजे मग कोणी काही म्हणायला नको.

हं. वाजवा.

वाजवा की. — अहो डॉक्टर, लाजता काय. माइकवर बोट आपटा बघू — हां, टक टक, आलं, म्हणजे वायर ठीक आहे. काहीतरी बोला — आलं, पुटपुटताय नेहमीसारखं, पण आलं. आता किल्ल्या. — वाजवताय? बघा, बघा आता. ठोका येतो, बोलणं येतं, किल्ल्या येत नाहीत. संपला विषय. हा तुमचा स्पीकर, आणि ही आमच्या मुलीची निवड. एवढ्यासाठी बापाला कान दाखवायला सांगतात. आता थांबा, वायर काढतो आणि माझ्या काळ्या जाळीत घालतो. नीट धरा माइकपाशी, आणि भावालाही म्हणावं मान वर कर, ऐक. हं. झालं. डोळे मिटलेत मी.

वाजवा.

डॉक्टर, वाजवा. थांबलात का? हात दुखला? टक टक करा — हो, येतंय. मग वाजवा की आता. जोरात हलवा, दोन्ही हातांनी हलवा हवं तर, कोणी बघत नाही —

...

तुमचा हात हलतोय.

कधीपासून हलवताय? मी काचेतून आत्ता बघितलं म्हणून. — थांबवू नका, तसाच हलवा. जरा वर. भाऊ उभा राहिलाय. त्यानं कानात बोट घातलंय. तिथं माइकपाशी एवढा आवाज — माझा स्पीकर चालू आहे ना? लाल दिवा आहे. चालू आहे. दार उघडा. उघडा दार आणि या आत, या, माझ्यासमोर उभे राहा, माइक राहू दे. इथं. कानाशी. हलवा. ही पितळेची, आणि ही —

पुरे डॉक्टर. थांबा.

नाही, नाही, कुणाचं नाव सुचवू नका, मित्र असेल तुमचा, कानांचा असेल, मोठा असेल, मला नको. बसणार नाही आता मी, तुम्हीही बसू नका. तो मघाचा घेऊन जा. हो, तोच. चांगला असणार. माझ्या मुलीनं घेतलाय, तिचा कान चांगला आहे, याच खोलीत तयार झालाय. बाहेर भाऊ बांधून देईल. संध्याकाळी तिचा कार्यक्रम किती वाजता आहे हेही त्यालाच विचारतो मी मग, तुम्ही नका विचारू. किल्ल्या? — मला नका देऊ. त्याच्या हातात द्या. त्याला सांगा, त्या दोन जुन्या कशाच्याच नाहीत, पण काढू नकोस.

जा तुम्ही. दार ओढून घ्या.